अकरा नंबरचा माग

पिलू झोपली होती, आणि त्यातच काहीतरी चुकतंय असं शैलाला वाटत होतं.

सात महिन्यांची पोर भर दुपारी पाळण्यात गाढ झोपलेली आहे म्हटल्यावर दुसरी कुठलीही आई आडवी झाली असती. शैला मात्र हातातली लंगोटी तशीच अर्धी घडी घालून उभी राहिली. मागच्या भिंतीपलीकडून रोजचा आवाज येत होता. खट खटाक, खट खटाक. इद्रीसशेठचा कारखाना. लग्न होऊन ती या चाळीत आली, तेव्हा पहिला महिनाभर कुणीतरी आपल्या डोक्यात खिळे ठोकतंय असं तिला वाटायचं. पुढे तो आवाज ऐकू येईनासा झाला. पिलूला तर तो जन्माआधीपासूनच माहीत. मागांची खटखट चालू असली की ती झोपायची आणि बंद पडली की दचकून उठायची.

शैलाने घाम पुसला आणि सहज वर पाहिलं. पंखा बंद होता. लाइट नव्हती. लाइट नव्हती, कारण आज शुक्रवार होता. शुक्रवारी त्यांच्या भागातली वीज बंद असायची, त्यामुळे मागही बंद. म्हणून तर शुक्रवार हा पिलूचा रडण्याचा वार होता. सकाळपासून त्या शांततेला घाबरून ती जो सूर लावायची, तो संध्याकाळपर्यंत.

खट खटाक.

शैलाने श्वास रोखून ऐकलं. कारखान्यात बत्तीस माग होते. हा आवाज बत्तिसांचा नव्हता. एकट्याचाच होता. दमादमाने, घाई नसल्यासारखा एकच माग चालला होता. विजेशिवाय.

तिने पिलूला उचलून छातीशी धरलं. पिलूची झोपमोड झाली आणि तिने चाळ डोक्यावर घेतली. ते रडणं ऐकून शैलाला जरा बरं वाटलं.

संध्याकाळी नामा डेपोतून आला. तो एसटीत क्लार्क होता. शैलाने त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि सासऱ्यांकडे पाठ करून उभी राहिली. त्या घरात गुपित बोलायची हीच रीत होती. सासरे सावळाराम तीस वर्षं इद्रीसशेठकडे जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. तीस वर्षांत मागांनी त्यांचे दोन्ही कान खाल्ले, पण त्या कलकलाटात राहून त्यांना समोरच्याचे ओठ वाचायची सवय लागली. त्यांच्यासमोर कुजबुजून काही उपयोग नसे. त्यांच्या पाठीमागे खुशाल ओरडावं.

"नामा, मागे माग चालतोय!" शैला ओरडली.

"मग? कारखाना आहे तो."

"आज शुक्रवार आहे!"

नामाने डबा धुवायला ठेवला. "तू बी. ए. आहेस ना?"

"सायकॉलॉजी घेऊन."

"आणि आपण बौद्ध. भूतखेत, अंगात येणं, असलं काही मानत नाही."

"मी कुठे मानते? मी नुसती घाबरते."

"उंदीर असेल," तो म्हणाला. उंदीर माग कसा चालवेल हे त्याने सांगितलं नाही, आणि शैलानेही विचारलं नाही. नवऱ्याला काही प्रश्न विचारायचे नसतात, हे तिला कॉलेजात शिकवलं नव्हतं, पण कळलं होतं.

शेजारच्या खोलीतल्या तय्यबाखालांनी मात्र उंदराचं नाव काढलं नाही. त्या इद्रीसशेठच्या लांबच्या मावशी. गुडघ्यांमुळे दिवसभर उंबऱ्यावर बसून असायच्या, त्यामुळे चाळीतलं सगळं त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं.

"तूने भी सुना?" त्यांनी शैलाला जवळ ओढलं. "तीन शुक्रवार झाले. मी कोणाला बोलली नाय. बोलली तर म्हणतील बुढी सटकली. अगं, तो अकरा नंबर आहे."

"अकरा नंबर?"

"कोंडूचा माग. वळ गावचा कोंडू, तुझ्या सासऱ्याचा दोस्त. दोन वर्षं झाली. जुम्मेरातला कापडाचा आधा थान मागावर ठेवून घरी गेला, शनिवारी येतो बोलला. जुम्म्याला दोपहरला गेलाच तो. झोपेत. थान तसंच राहिलं." त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. "कामाचा माणूस. आधा काम सोडणारा नव्हता गं."

शैलाने पिलूला कुशीत जरा जास्तच घट्ट धरलं. कोंडूकाका तिला आठवत होते. लग्नात त्यांनी वळहून टोपलीभर भाजी आणली होती.

बातमी फुटायला आठवडा लागला. कारखान्याचा राखणदार अब्दुल पुढच्या शुक्रवारी किल्ल्यांचा जुडगा घेऊन आत शिरला आणि आला तसाच बाहेर पळाला. एक चप्पल आत राहिली. "साहब, अंदर सब बंद है, और ग्यारह नंबर की तरफ़ से आवाज़ आ रही है!" त्याने इद्रीसशेठना सांगितलं. अकरा नंबर मागच्या भिंतीला लागून होता, अंधाऱ्या कोपऱ्यात. कोंडू गेल्यापासून तो माग कुणी चालवत नव्हतं. आता दहा नंबरच्या आणि बारा नंबरच्या विणकरांनीही जागा बदलून मागितली. दुसऱ्या दिवशी नऊच्या आणि तेराच्या. ही भीती अशीच सरकत राहिली असती, तर महिन्याभरात सगळे विणकर दाराबाहेर उभे राहून कापड विणणार, असा रंग दिसू लागला.

इद्रीसशेठ वैतागले. "मी असलं काही मानत नाही," ते चाळीत येऊन म्हणाले. "पण अब्दुल मानतो. कारीगर मानतात. त्यांच्यासाठी काही करायला पाहिजे." त्या चाळीत भूत मानणारं असं कुणीच नव्हतं. जो तो दुसऱ्याच्या वतीने घाबरत होता.

अब्दुलने पडघ्याकडचा एक भगत आणला. भगताने कारखान्याला बाहेरून फेरी मारली, मागच्या बोळाच्या तोंडाशी थांबला, डोळे मिटले आणि म्हणाला, "माघारी काहीतरी हिरवा वाढतो हाय. त्यानंच त्याला बोलावला हाय. ते उपटा."

त्याने डोळे मिटण्याआधी बोळात नीट डोकावून पाहिलं होतं, हे तय्यबाखालांनी उंबऱ्यावरून टिपलं. पण तोवर उशीर झाला होता. कारण बोळात खरंच हिरवं काहीतरी वाढत होतं. ती सावळारामांची बाग होती.

ती बाग कशी झाली, ते शैलाने रोज थोडं थोडं पाहिलं होतं. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने सावळाराम खाटेवर बसून असत, पण त्यांचे हात बसत नसत. बोटं आपोआप हवेत फिरायची, तुटलेला धागा जोडल्यासारखी. दिसेल त्याला ते गाठ मारायचे. पडद्याच्या कडांना, शैलाच्या पदराच्या दशांना, पिलूच्या झबल्याच्या नाड्यांना. गाठही अशी बारीक आणि पक्की, की सुटायची नाही, कापावी लागायची. मध्येच ते उठून भिंतीला तळहात लावायचे. कारखान्याची थरथर तळहाताला जाणवायची, मग खाली बसायचे. एकदा शैलाने त्यांना त्या भिंतीशीच पुटपुटताना पाहिलं. त्या दिवशी पिलूचा पाळणा तिने त्यांच्या खाटेपासून हळूच लांब सरकवला, आणि मग रात्री स्वतःचीच तिला लाज वाटली.

एक दिवस त्यांना ट्रंकेत पुडी सापडली. पडवळाच्या बिया. कोंडूने दिलेल्या. "रिटायर झालास का लाव," असं म्हणाला होता म्हणे. चाळ आणि कारखाना यांच्यामधल्या, राडारोडा पडलेल्या बोळात सावळारामांनी जमीन मोकळी केली आणि बिया टोचल्या. मग वेलांसाठी मांडव उभारला. कारखान्यातलं वाया गेलेलं रंगीत सूत आणून त्यांनी तो चक्क विणला. लाल-पिवळ्या चौकटी, मध्ये निळी रेघ. चाळीतल्या बायका तो बघायला आल्या आणि असं लुगडं मिळालं तर, असं म्हणत गेल्या. त्या दिवसापासून घरातल्या गाठी बंद झाल्या. हातांना काम मिळालं होतं. सकाळी पाणी घालून आले की सावळाराम पिलूला मांडीवर घेऊन दात नसलेल्या तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचे आणि मोठ्याने सांगायचे, "सूनबाय, ही काय बोलते ते मला समजतो!"

आता इद्रीसशेठ त्यांच्यापुढे उभे राहिले. "सावळाभाई," ते म्हणाले, आणि पुढचे शब्द ओठांवर येईपर्यंत सावळारामांनी ते वाचले होते.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"येत्या शुक्रवारी. नमाजनंतर. साफ करून फरशी टाकून देतो. तुम्हांला कुंड्या आणून देतो ना, चार, पाच..."

सावळाराम मान हलवून खाटेवर बसले. संध्याकाळी शैला पिलूला अंघोळीला घ्यायला गेली, तर झबल्याच्या सहाही नाड्या गाठींनी भरून गेल्या होत्या. तिला कात्री घ्यावी लागली. नाड्या कापता कापता तिने ठरवलं.

शुक्रवारी दुपारी पुरुष नमाजला गेले. नामा ड्युटीवर होता. सावळाराम घरात भिंतीकडे तोंड करून पडले होते. शैलाने पिलूला तय्यबाखालांच्या मांडीवर दिलं.

"मी पाच मिनिटांत येते. नाही आले तर..."

"नाय आलीस तर काय?"

"तर हिची बाटली उकळून ठेवलीय."

बोळ तिने मागच्या दारातून पाहिला होता, आत मात्र कधी शिरली नव्हती. सासऱ्यांचं ते राज्य होतं. मांडवाखाली गेल्यावर ऊन एकदम विझल्यासारखं झालं. हिरव्या, ओल्या अंधारात डोक्यावरून पडवळं लोंबत होती. पांढुरकी, लांबलचक, हातभर, दोन हात, कुणाच्यातरी न पाहिलेल्या बोटांसारखी. प्रत्येकाच्या टोकाला सुताने काहीतरी काळं बांधलं होतं. ती सगळी एका ओळीत, एकाच उंचीवर, एकमेकांपासून सारख्या अंतरावर टांगलेली. हलत नव्हती. वाट बघत असल्यासारखी वाटत होती.

शैलाने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. बौद्ध आहोत, बी. ए. आहोत, असं मनात म्हणून पाहिलं. तेवढ्यात मानेवर काहीतरी थंडगार टेकलं आणि हळूच खाली सरकलं.

तिची किंकाळी तय्यबाखालांनी ऐकली. पुढे कित्येक दिवस त्या ती करून दाखवत.

शैला वळली. ते पडवळ होतं. कशेळीकडून खाडीचा वारा सुटला होता, दुपारी सुटतो तसा. मांडव हलला, पडवळं झुलली आणि एकामागून एक मागच्या भिंतीवर जाऊन आदळली. तिथे भिंत नव्हतीच. कारखान्याची जुनी खिडकी होती, पत्रा ठोकून बंद केलेली.

खट खटाक.

पडवळ वाकडं वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात, हे शैलाने माहेरी पाहिलं होतं. सावळाराम दगड कशाला शोधतील? त्यांनी लोखंडी नट बांधले होते. तीस वर्षं जो हात मागाचे भाग सारख्या अंतरावर बसवत आला, त्याने पडवळंही तशीच मापात टांगली होती. रोज दुपारी ती पत्र्यावर वाजत, पण कारखान्याच्या गदारोळात ऐकणार कोण? ऐकू येत ती फक्त शुक्रवारी. पत्र्याच्या पलीकडे बरोबर अकरा नंबर होता. आणि हे सगळं ज्याने केलं, त्या माणसाला ते कुठल्याच वारी ऐकू येत नव्हतं.

इद्रीसशेठ कुदळवाल्यांना घेऊन आले तेव्हा शैला बोळाच्या तोंडाशी आडवी उभी होती. केसांत पडवळाचं पान होतं.

"शेठ, थांबा. ऐका." तिने दोन्ही हातांत मावतील तेवढी पडवळं घट्ट धरली. आवाज मंदावला. बाकीची अब्दुलला धरायला लावली. अब्दुल आधी "बिस्मिल्लाह" म्हणाला, मग धरली. आवाज थांबला. सोडली. वारा आला. खट खटाक.

इद्रीसशेठ असे हसायला लागले की त्यांची टोपी पडली. "अब्दुल! तेरा भूत तो सब्ज़ी निकला!" त्यांनी एक पडवळ जवळ घेऊन निरखलं आणि हसणं अर्ध्यावर थांबलं. "एक मिनिट. हे नट तर माझेच आहेत."

सावळाराम बाहेर आले होते. त्यांनी सगळ्यांचे ओठ एकेक करून वाचले. "आवाज येतो?" त्यांनी शैलाला विचारलं. "माझ्या पडवलांना आवाज हाय?" ते पत्र्यापाशी गेले आणि तळहात टेकवला. वारा आला तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. "अरे!" ते म्हणाले. "चालतो हाय!"

बाग राहिली. इद्रीसशेठनी एकच अट घातली. कारीगरांची खात्री पटावी म्हणून या वेळची सगळी पडवळं उतरवायची. ती उतरवून घरोघर वाटली. नट धुऊन कारखान्यात परत गेले. दहा, बारा, नऊ, तेरा, सगळे विणकर आपापल्या जागी आले. अब्दुलला चप्पल मिळाली. चाळीत आठवडाभर पडवळाची भाजी, पडवळाची भजी आणि पडवळावरचे विनोद चालले. ज्याने त्याने आपल्याला आधीच संशय आला होता असं सांगितलं. नामा तर म्हणाला, "मी म्हटलंच होतं."

"तू उंदीर म्हणाला होतास."

"म्हणजे भूत नाही, असंच ना?"

पुढच्या शुक्रवारी शैला दुपारी विळी घेऊन बसली. तिच्या वाटचं एक पडवळ उरलं होतं, चाळीतलं शेवटचं. चण्याची डाळ भिजली होती. लाइट गेलेली. पिलू सकाळपासून रडून रडून लाल झाली होती, आणि आता हा दिवस संध्याकाळपर्यंत असाच जाणार हे शैलाने मान्य केलं होतं. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून ती चकत्या करत होती. आतला गर काढायचा, चकती ताटात टाकायची.

पिलू गप्प झाली.

शैलाने मान वर केली. पिलूचे डोळे मिटत होते. मूठ उघडली, खाली पडली. झोपली.

खट खटाक.

विळीवरचा शैलाचा हात जागच्या जागी राहिला. दोरीवर लंगोट्या वाळत होत्या. एकही हलत नव्हती. वाऱ्याचा मागमूस नव्हता. ताटात पडवळाच्या चकत्या होत्या, आणि विळीवर उरलेलं वीतभर टोक.

खट खटाक. दमादमाने. घाई नसल्यासारखं.

ती उठली आणि मागच्या दारात गेली. मांडव रिकामा होता. नुसती पानं, लाल-पिवळ्या चौकटी आणि नवी पांढरी फुलं. खाली उकिडवे बसलेले सावळाराम एका हाताने वेलाची शेंडी सुताला गुंडाळत होते. दुसरा तळहात पत्र्यावर होता. चेहऱ्यावर जुन्या ओळखीचा वैताग होता.

"ढिला हाय," ते म्हणाले.

"काय?" शैलाने ओठांनीच विचारलं.

"पिकर. अकरा नंबरचा. धोट्याला टोला बराबर बसत न्हाय." त्यांनी मान हलवली. "कोंडूला किती येळा सांगितला, आवळून घे, आवळून घे. ऐकल तर..."

ते थांबले. त्यांनी शैलाकडे पाहिलं. शैलाने त्यांच्याकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून वर, रिकाम्या मांडवाकडे पाहिलं.

शैलाच्या मनात आलं, ओरडावं, पिलूला उचलून रस्त्यावर जावं, सगळ्यांना गोळा करावं. सगळे येतील. इद्रीसशेठ येतील, भगत येईल, कुदळी येतील. बोळात फरशी पडेल. आणि सावळाराम पुन्हा खाटेवर बसतील.

"पोर निजली?" सावळारामांनी विचारलं.

शैलाने आत वळून पाहिलं. पिलू झोपेत हसत होती.

"निजली."

"मंग ऱ्हाऊ दे. थान पुरा करल तो नि जाल." त्यांनी वेलाची दुसरी शेंडी हातात घेतली.

शेजारच्या उंबऱ्यावरून तय्यबाखालांची जांभई आली, आणि मागोमाग हाक. "शैला, अगं तुझ्या सासऱ्याला सांग, आज पडवळं जरा ज्यादाच वाजतायत!"

शैला आत आली. चिरलेल्या पडवळावर तिने हलकेच ताट झाकलं.

"सांगते, खाला," ती म्हणाली.